वैशाखांतील नवरदेवाचा वेष

राळेगांवांतील एका सुशिक्षित एकत्र कुटुंबाकडून आमच्याकडे एक पृच्छा आली आहे. घरांतील थोरल्या नातवाचें लग्न वैशाखांत ठरलें आहे. तें घरगुती पद्धतीनें, अंगणांतल्या मांडवांत, दोन्हीकडचीं मिळून शे-दीडशे माणसें बोलावून करावयाचें, याविषयीं उभय पक्षांचें एकमत आहे. हुंडा नाहीं, मानपान नाहीं, बँड नाहीं. एवढ्या मोठ्या गोष्टी एका बैठकींत मिटल्या. आणि नवरदेवानें अंगावर काय घालावें या एका गोष्टीवर मात्र घरांत तीन तट पडले आहेत. आजोबांचा आग्रह रेशमी सोंवळ्याचा, काकांचा कोट-पाटलोणीचा, आणि खुद्द नवरदेव व त्याचीं चुलतभावंडें यांचा हट्ट शेरवानीचा. ही शेरवानी नागपुराहून किरायानें आणावयाची असून तिच्यावर जरीचें व मण्यांचें भरगच्च काम आहे. आजींनीं सर्वांचें ऐकून घेतलें आणि एवढेंच म्हटलें, “अरे बाळा, तुला होमापुढे बसायचंय, बद्रीनाथला नाही जायचं.” पत्रलेखक हे नवरदेवाचे वडील असून त्यांनीं आमच्याकडे निर्णय मागितला आहे.

निर्णय आम्ही आरंभींच सांगून टाकतों, म्हणजे ज्यांना कारणांचा कंटाळा असेल त्यांनीं पान उलटावें. लग्नविधीच्या वेळीं वरानें नवें, पांढरें, सुती धोतर नेसावें. अंगावर सुती उपरणें घ्यावें. डोक्यास मऊ सुती फेटा अथवा पागोटें असावें. पायांत मोकळ्या वहाणा असाव्या. संध्याकाळीं भेटीगांठींच्या वेळीं वाटल्यास सैल खादीचा कुडता घालावा. हा निर्णय आम्ही जुन्याच्या अभिमानानें देत नाहीं. जुनें तेवढें सर्व चांगलें असें मानणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हे. जुन्या काळच्या कांहीं विवाहचाली गेल्या हें फार बरें झालें. परंतु येथें जुन्या ग्रंथांचें म्हणणें, नव्या शास्त्राचें म्हणणें आणि राळेगांवचें ऊन हीं तिन्ही एकाच दिशेस बोट दाखवीत आहेत, आणि असा योग वारंवार येत नाहीं.

प्रथम उन्हाचा विचार करूं. वऱ्हाडांतील वैशाख म्हणजे काय हें या भागांतील वाचकांस सांगावयास नको. परंतु हें मासिक कोंकणांत व पुण्याकडेही जातें, म्हणून दोन आंकडे देतों. हवामानखात्याच्या नियमाप्रमाणें सपाट प्रदेशांत पारा ४५ अंशांवर गेला कीं तेथें उष्णतेची लाट समजतात, ४७ वर गेला कीं ती तीव्र लाट. आमच्याकडे मे महिन्यांत ४३-४४ हा बोलण्याचा विषयच होत नाहीं. नागपुरास २३ मे २०१३ रोजीं पारा ४७.९ पर्यंत चढला होता. मनुष्याच्या कातडीची उष्णता सुमारें ३५ अंश असते. बाहेरची हवा तिच्याहून थंड असेल तोंवर शरीर आपली उष्णता हवेस देऊं शकतें. हवा तिच्याहून तापली कीं हा व्यवहार उलटा होतो, आणि वाराही सुख देण्याऐवजीं ताप आणून देतो. अशा वेळीं शरीराजवळ एकच उपाय उरतो, तो घामाचा. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर तो सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र तो अंगावरून वाळला पाहिजे. कपड्याखालीं कोंडून नुसता ओघळला तर त्याचा उपयोग शून्य.

आतां नवरदेवाची त्या दिवशींची अवस्था पाहा. तो पहांटेपासून उठलेला. देवक, हळद, मंगलस्नान झालेलें. विधि पुरा होईपर्यंत उपवास. मुहूर्त बारा-साडेबाराचा. त्यापूर्वीं भर उन्हांत मिरवणूक. अंतरपाट दूर झाला कीं मांडवांत दीड-दोनशे माणसांची ऊब. पुढें लाजाहोमाचा अग्नि हातभर अंतरावर, आणि छायाचित्रें घेणाऱ्यांचे दिवे तोंडावर. अशा वेळीं त्या मुलाच्या अंगांत अस्तर लावलेली, गळ्यापर्यंत गुंड्या असलेली, गुडघ्याखालीं पोंचणारी शेरवानी आणि तिच्याखालीं पायास घट्ट चिकटणारी विजार! त्यांत आमच्याकडची हवा कोरडी. कोंकणांत घाम अंगावर दिसतो व मनुष्य सावध होतो. येथें उघड्या अंगावरील घाम दिसण्यापूर्वींच उडून जातो. त्यामुळें शरीरांतील पाणी किती गेलें याचा पत्ता लागत नाहीं, आणि जो पत्ता लागतो तो डोळ्यांपुढें अंधारी आली म्हणजे. आमच्या पाहण्यांतील एका लग्नांत, गांवाचें नांव सांगत नाहीं, सप्तपदीच्या चौथ्या पावलाला वर मट्कन् खालीं बसला. लोक प्रथम हंसले. मग शेरवानीच्या गुंड्या सोडावयास तीन माणसें लागलीं, आणि उरलेलीं पावलें तासाभरानें, मामाच्या धोतरांत पुरीं झालीं.

उन्हाची ही गोष्ट हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. १६ एप्रिल २०२३ रोजीं खारघर येथें उघड्या मैदानावर भर दुपारीं मोठा समारंभ झाला, आणि त्यांतील चौदा माणसें उष्णतेमुळें दगावलीं. तेथील पारा आमच्याकडच्या पाऱ्याच्या मानानें पुष्कळ खालीं होता. मंगलकार्य असो वा सभा असो, सूर्य निमंत्रणपत्रिका वाचीत नाहीं.

कापडाची गोष्ट अशी. कापूस हा ओल शोषून घेणारा पदार्थ आहे. प्रयोगशाळेच्या प्रमाणित हवेंत शंभर तोळे सुती कापड सुमारें आठ तोळे ओल धरून ठेवतें; रेशीम त्याहूनही थोडी अधिक, सुमारें अकरा तोळे; आणि पॉलिएस्टर अर्धा तोळाही नाहीं. दुकानांतील शेरवान्यांपैकीं पुष्कळशा, त्यांचें नांव कांहींही असो, या शेवटच्या जातीच्या असतात. काकांनीं सुचविलेल्या कोट-पाटलोणीच्या कापडांतही बहुधा तोच धागा असतो, वर अस्तर व गळफास निराळा. आजोबांच्या रेशमाविषयीं आमची तक्रार कमी आहे. खरें रेशीम ओल शोषतें, अंगास मऊ लागतें, आणि सोंवळें म्हणून त्याला मान आहे. परंतु आज ‘सोंवळें’ म्हणून बाजारांत मिळणारें कापड रेशीमच असतें असें नाहीं, आणि फसवणूक झाली तर ती होमापुढें बसल्यावर कळते. परीक्षा सोपी आहे. दशीचा एक धागा काढून, चिमट्यांत धरून पेटवावा. कागद जळल्याचा वास येऊन भुरभुरीत राख झाली तर कापूस; केंस जळल्याचा वास आला तर रेशीम; आणि धागा वितळून टोंकाशीं कठीण मणी झाला तर तें कापड गादीच्या अभ्र्यासही घेऊं नये. हेंच शेवटचें कापड ठिणगीनें पेट घेतांना वितळतें आणि कातडीस चिकटतें. अग्निसाक्ष विवाहांत वराच्या अंगावर तें असावें हें आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

येथें एक शंका निघेल. ऊन इतकें कडक, तर मग अंग जितकें उघडें तितकें बरें नव्हे काय? नव्हे. हवा कातडीहून तापलेली असतां उघड्या अंगास ऊन व झळ दोन्ही लागतात. म्हणूनच आमच्याकडील शेतकरी मे महिन्यांत डोक्याला, कानांना दुपट्टा गुंडाळल्यावांचून बाहेर पडत नाहीं. वाळवंटांतील बदाऊनी लोक तर काळे झगे घालतात, याचें अनेकांना नवल वाटे. १९८० सालीं ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकांत या प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध झाला. नेगेव्ह वाळवंटांत काळा झगा व पांढरा झगा घालून मापें घेतलीं, तेव्हां काळें कापड अधिक तापलें हें खरें. परंतु शरीरापर्यंत पोंचलेली उष्णता दोन्हींत सारखीच निघाली. झगा सैल असल्यामुळें ती जादा उष्णता आंतल्या खेळत्या हवेबरोबर निघून गेली. म्हणजे रंगाहून सैलपणा महत्त्वाचा. आतां धोतराकडे पाहावें. दहा हात कापड, एकही गुंडी नाहीं, कमरेखालीं सर्वत्र हवेस वाट, आणि निऱ्यांची घडी चालतांना पंख्यासारखी हलते. याहून सैल असें पुरुषाचें वस्त्र आमच्या माहितींत नाहीं.

धर्मशास्त्राचें म्हणणें काय, हें विचारणारे वाचक या मासिकास पुष्कळ आहेत, आणि त्या बाबतींत आमचें मन जरा अधिक रमतें हें कबूल आहे. मंगलकर्मांत ‘अहत’ वस्त्र नेसावें असें आपले ग्रंथ वारंवार सांगतात. अहत म्हणजे काय? ग्रंथकारांनीं त्याचीं लक्षणें दिलीं आहेत तीं अशीं: नवें असावें, पूर्वीं कोणीं नेसलेलें नसावें, पांढरें असावें, दोन्ही टोंकांस दशा असाव्या, आणि एकदां हलकेंच धुतलेलें असावें. हीं पांचही लक्षणें वाचतांना डोळ्यांपुढें धोतरजोडीच येते. आणि किरायाच्या शेरवानीला यांतील एक तरी लक्षण लागतें काय, तें नवरदेवानेंच पाहावें. आमच्या आधीं ती किती वरांच्या घामानें भिजली आहे हें दुकानदारासही सांगतां येणार नाहीं. शिवाय होमाच्या वेळीं शिवलेलें वस्त्र उतरवून पुरोहित धोतर नेसावयास लावतातच. म्हणजे शेरवानी घ्यावयाची ती मिरवणुकीपुरती व छायाचित्रांपुरती. आणि ती उतरवून धोतर नेसण्यांत मुहूर्ताच्या घाईंत अर्धा तास जावयाचा, ही निराळीच भर.

शुक्ल यजुर्वेदी घरें वऱ्हाडांत पुष्कळ आहेत. त्यांच्या पारस्कर गृह्यसूत्रांत वर वधूला नवें वस्त्र देतो तेव्हां म्हणावयाचा एक मंत्र आहे. ज्या देवींनीं हें सूत कांतलें, ज्यांनीं तें विणलें, त्यांनीं तुला दीर्घ आयुष्य द्यावें, असा त्याचा आशय आहे. वस्त्राला किंमत विचारावयाची नसून तें कोणीं कांतलें हें आठवावयाचें, ही कल्पना कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यांत तरी विसरली जाऊं नये. ऋग्वेदी मंडळींच्या आश्वलायन सूत्रानें तर विवाहप्रकरणाच्या आरंभींच सांगून ठेवलें आहे कीं, देशोदेशींचे व गांवोगांवचे आचार निरनिराळे असतात आणि विवाहांत ते पाळावे. राळेगांवचा पहिला ग्रामाचार कोणता म्हणाल, तर वैशाखांत दुपारीं सावली सोडूं नये हा.

सोडमुंजीची गोष्ट येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. गुरुगृहींचें अध्ययन संपवून जो ब्रह्मचारी स्नातक होतो, म्हणजेच विवाहास योग्य होतो, त्याला त्या संस्कारांत काय काय द्यावें याची यादी सूत्रांत आहे. त्यांत नवीं वस्त्रें आहेत, डोळ्यांत घालावयास अंजन आहे, आरसा आहे. आणि त्यांबरोबर छत्री, पादत्राणें, वेळूची काठी व उष्णीष म्हणजे पागोटें हींही आहेत. आज हीं सर्व आपण शोभेचीं म्हणून देतों व तासाभरांत गुंडाळून ठेवतों. परंतु यादी करणारा मनुष्य उन्हाळी देशांत राहत होता हें उघड आहे. छत्री डोक्यावर, वहाण पायांत, पागोटें कपाळावर: लग्नाला निघालेल्या तरुणाची ही उन्हाची शिदोरीच होय.

छत्री आणि वहाणा मुळांत कोठून आल्या, याची कथा महाभारताच्या अनुशासनपर्वांत आहे, आणि ती एका दांपत्याचीच आहे. जमदग्नि ऋषि बाण सोडीत होते व रेणुका ते वेंचून आणून देत होती. ज्येष्ठाचें ऊन होतें. तिचे पाय पोळले, डोकें तापलें, ती क्षणभर झाडाखालीं थांबली, आणि उशीर झाला. कारण कळतांच ऋषि सूर्यावरच बाण रोखून उभे राहिले. तेव्हां सूर्यानें ब्राह्मणाच्या रूपानें येऊन छत्री आणि पादत्राणें दिलीं. त्या रेणुकेचें ठाणें माहूरगडावर, आमच्या जिल्ह्याच्या सीमेलगतच आहे. कित्येक घरांतील नवपरिणीत जोडपीं तेथें दर्शनास जातात. जातांना उन्हांत अनवाणी चढूं नये, एवढें तरी त्या कथेवरून घ्यावें.

शेरवानीशीं आमचें वैर नाहीं. तो एक रुबाबदार पोषाख आहे. एकोणिसाव्या शतकांत उत्तर हिंदुस्थानांतील व हैदराबादेकडील दरबारी मंडळींत तो रूढ झाला, आणि दिल्ली-लखनौकडे मार्गशीर्ष-माघाच्या थंडींत रात्रीं लग्नें लागतात तेथें तो शोभतो व ऊबही देतो. आमच्याकडे लग्नें वैशाख-ज्येष्ठांत येतात त्याचीं कारणें शेतीचीं आहेत. कापूस विकून झालेला असतो, रब्बी घरांत आलेली असते, मृगाची पेरणी पुढें असते, पोरांना शाळेची सुटी असते. आणि आषाढी एकादशीनंतर चातुर्मासांत लग्नें नाहींत. ऋतु आमचा आणि पोषाख दुसऱ्या ऋतूचा, येथें घोटाळा आहे. हा घोटाळा आजच्या मुलांनींच केला असें मात्र म्हणूं नये. स्वातंत्र्यापूर्वींच्या छायाचित्रांत धोतरावर काळा जाड कोट चढवून, खुर्चींत ताठ बसलेले वर आपण पाहतोंच. आणि आमच्या पिढीच्या लग्नांत टेरिकॉटच्या सफारीचा सुकाळ होता. आजोबांच्या पिढीनें नातवांना हंसण्यापूर्वीं घरांतील अल्बम एकदां उघडून पाहावा.

कोणी म्हणेल, सुती धोतर म्हणजे दारिद्र्याचें चिन्ह. असें म्हणणारास या प्रांताची माहिती कमी. वर्धा नदी ओलांडली कीं हिंगणघाट लागतें. त्या गांवच्या नांवानें ओळखला जाणारा कापूस एके काळीं विलायतेच्या बाजारांत ख्यात होता. नागपूर व उमरेड येथील कोष्टी कारागीर विणीत तीं रेशीमकांठी धोतरें दूरदूरचे शौकीन लोक मागवीत. जमशेटजी टाटांनीं आपली एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजीं मुंबईस न काढतां नागपुरास काढली, तीही कापूस जवळ म्हणून. ती गिरणी आज बंद आहे. परंतु हातमागाची रेशीमकांठी धोतरजोडी आजही शोधल्यास मिळते, आणि तांबड्या किंवा जांभळ्या कांठाची ती जोडी नेसलेला वर मांडवांत दिसतो तेव्हां त्याच्यापुढें मण्यांचें काम फिकें पडतें. ज्याला खादी हवी त्यानें वर्ध्यास जावें. गांधीजी १९३६ पासून सेवाग्रामास राहिले, आणि तेव्हांपासून सूत हा त्या भागाचा जणू कुलाचारच झाला.

साधेपणानें, उन्हाळ्यांत, मोजक्या माणसांत झालेल्या मोठ्या घरच्या लग्नाचें उदाहरण कोणी मागितलें तर तेंही आहे. गांधीजींचे धाकटे चिरंजीव देवदास व राजगोपालाचारी यांची कन्या लक्ष्मी यांचा विवाह १६ जून १९३३ रोजीं पुण्यास ‘पर्णकुटी’ बंगल्यांत झाला. गांधीजींचा एकवीस दिवसांचा उपवास २९ मे रोजीं सुटला होता, त्याला अजून तीन आठवडेही झाले नव्हते. एक वैश्य, एक ब्राह्मण. दोन्ही वडिलांनीं मुलांना आधीं काहीं वर्षें थांबावयास लावलें होतें, आणि मग पौरोहित्य केलें तें वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनीं. या कुटुंबांत खादीखेरीज दुसरें वस्त्र अंगाला लागत नसे. देशांतील दोन सर्वांत प्रसिद्ध घरें व्याही झालीं, आणि वराचा पोषाख हा तेथें कोणाच्या चर्चेचाही विषय झाला नाहीं.

आतां पत्रांतील ज्या एका ओळीनें आम्हांस हा विषय सविस्तर लिहावासा वाटला, ती ओळ. पत्रलेखक शेवटीं सहज लिहितात कीं, ‘शेरवानीचा किराया मुलीकडचे देणार आहेत, वरपोषाख म्हणून.’ हुंडा नाहीं, मानपान नाहीं असें वर म्हटलें, तो हाच मानपान मागील दारानें आंत आला. वरपोषाख ही जुनी चाल आहे हें खरें. वधूपित्यानें आपल्या ऐपतीप्रमाणें, आपण होऊन, जांवयास धोतरजोडी द्यावी, असा तिचा मूळ अर्थ. धोतरजोडीनें कोणी कर्जांत बुडालें नाहीं. परंतु नागपुरच्या दुकानांत मुलानें बोट ठेवावें आणि पैसे मुलीच्या वडिलांनीं मोजावे, हा व्यवहार निराळा आहे. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यानें मागून घेतलेल्या देणग्यांस हुंड्यांतच जमा केलें आहे, मग ती रोकड असो कीं वस्तु. कायदा बाजूस ठेवला तरी, ज्या घरीं मुलगी द्यावयाची तेथें ‘नको’ म्हणण्याची सोय मुलीच्या बापास नसते. तो ‘आम्ही आनंदानें देतों’ असेंच म्हणणार. त्या आनंदाची परीक्षा कशी करावयाची तें वराच्या वडिलांनीं जाणलें पाहिजे. तेही कधीं काळीं कोणाचे तरी व्याही होणार आहेत, आणि घरांत नाती आहेत असें पत्रावरूनच दिसतें. आमचें स्पष्ट मत असें कीं, मुलाला शेरवानी हवीच असेल तर ती त्यानें स्वतःच्या पगारांतून घ्यावी, कार्तिकांत घालावी, आणि मुलीकडून धोतरजोडीखेरीज कांहीं घेऊं नये.

नवरदेवाची बाजू आम्ही अगदींच ऐकली नाहीं असें त्यास वाटूं नये. त्याची खरी भीति शेरवानी हुकण्याची नसून धोतर सुटण्याची आहे, असा आमचा तर्क आहे. ही भीति आठ दिवसांत जाते. लग्नापूर्वीं आठवडाभर रोज संध्याकाळीं घरांत तासभर धोतर नेसून वावरावें, जिना चढावा-उतरावा, मांडी घालून बसावें व उठावें. शिकविण्यास आजोबांहून योग्य गुरु कोण? आजोबांनाही त्यानें रेशमाचा हट्ट सोडण्यास बरें निमित्त मिळेल. शिवून तयार केलेलीं, पट्ट्याचीं धोतरें बाजारांत मिळतात. मिरवणुकीस तीं चालतील, होमास नकोत. नवी जोडी आणली कीं थंड पाण्यांत रात्रभर भिजवून एकदां धुवावी, म्हणजे खळ निघून जाते व कापड ओल शोषूं लागतें. ग्रंथकारांनीं ‘हलकेंच धुतलेलें’ म्हटलें त्यांतही हाच व्यवहार असावा. फेटा बांधून तयार मिळणारा, आंत पुठ्ठा व वर मखमल असलेला घेऊं नये. पांच-सहा वार मऊ सुती कापड जाणत्या माणसाकडून डोक्यावरच बांधून घ्यावें. त्यावर मुंडावळ्या मोत्यांच्या न बांधतां मोगऱ्याच्या बांधाव्या. उपरणें एक जास्त ठेवावें, ओलें करून मानेवर टाकण्यास. हवा कोरडी असल्यानें मांडवांत दोन-तीन कूलर लावले तर त्यांचा उत्तम उपयोग होतो. त्यांतला एक पंगतीकडे न ठेवतां होमकुंडापासून योग्य अंतरावर, ज्वाळा हलणार नाहींत अशा बेतानें, वधूवरांकडे असावा.

मुहूर्ताविषयीं पुरोहितांशीं आधींच बोलावें. सकाळीं नऊच्या आंतला किंवा संध्याकाळचा गोरज मुहूर्त साधला तर निम्मा प्रश्न तेथेंच सुटतो. उपवासाचें म्हणाल तर पाणी, मूळ, फळ, दूध व औषध यांनीं व्रत मोडत नाहीं असें स्मृतिवचन आहे. तेव्हां वधूवरांस दर तासास कैरीचें पन्हें किंवा लिंबाचें सरबत, मीठ घालून, देत जावें. ज्या वडीलधाऱ्यांना हें रुचणार नाहीं त्यांना हें वचन ऐकवावें. आणि इतकें करूनही कोणी बरळूं लागला, अंग तापून कढत झालें, तोल जाऊं लागला, तर दृष्ट काढीत बसूं नये. तत्काळ सावलींत निजवून कपडे सैल करावे, सर्वांगास पाणी लावून वारा घालावा, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडांत पाणी ओतूं नये.

हें सर्व लिहून झाल्यावर आमच्या घरांतून असा प्रश्न आला कीं, वराची एवढी काळजी वाहिली, पण त्याच मांडवांत, त्याच अग्नीपुढें, जड शालू नेसून व अंगभर दागिने घालून जी मुलगी बसते तिचें काय? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर पुढील अंकीं देऊं. तोंपर्यंत राळेगांवच्या आजींनीं, त्यांच्या स्वतःच्या लग्नांतील लुगडें कोणतें होतें व तें वैशाखांत कसें सोसलें, हें आम्हांस कळविल्यास उपकार होतील.